साक्षीदार वाचला म्हणून

अँड्र्यू मायनार्स्की १३ जून १९४४ रोजी गेला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला तो ऑक्टोबर १९४६ मध्ये. त्याने काय केलं हे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि तो जगेल अशी आशा खुद्द मायनार्स्कीलाही उरली नसावी. दोघं ज्यात होते ते कॅनडाच्या हवाईदलाचं लँकास्टर बॉम्बर विमान फ्रान्समधल्या कांब्रेच्या रेल्वे यार्डावर निघालं होतं. जर्मन लढाऊ विमानाच्या माऱ्यात डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली आणि शेपटीकडचं टरेट, म्हणजे बंदुकांचा फिरता घुमट, फिरेनासं झालं. त्यातला सैनिक पॅट ब्रॉफी आत अडकला. हाताने फिरवायची सोयही मोडली. मायनार्स्की मधल्या टरेटमधून उतरून दाराकडे निघाला होता. उडी मारून मोकळा होऊ शकला असता. तो जळत्या तेलातून मागे गेला, कुऱ्हाडीने टरेटवर घाव घातले, मग नुसत्या हातांनी झटत राहिला. कमरेखालचे कपडे पेटलेले. ब्रॉफीनेच त्याला जा म्हणून खुणावलं. दाराशी पोचल्यावर तो मागे वळला, पेटत्या कपड्यांनिशी ताठ उभा राहिला, ब्रॉफीला सॅल्यूट ठोकला आणि मग उडी घेतली. भाजल्यामुळे तो थोड्याच वेळात गेला. ब्रॉफी मात्र विमान आदळलं तेव्हा बाहेर फेकला गेला आणि वाचला.

ब्रॉफी मेला असता तर मायनार्स्की ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या ५५,५७३ मृतांपैकी केवळ एक नाव ठरला असता. शौर्यपदकं धैर्याची नव्हे, पुराव्याची नोंद ठेवतात, असं मला म्हणायचं आहे. कित्येक विमानं सगळ्या माणसांसकट गेली. त्यांच्या आत काय घडलं ते सांगायला कुणी उरलंच नाही. मग पदकं निरर्थक का? नाही. ज्या रात्रींचा साक्षीदार वाचला नाही, तिथे माणसं कशी वागली असतील याचा अंदाज बांधायला पदकांच्या नोंदी हाच एक आधार आहे. तरीही लंडनजवळच्या रनीमीडच्या स्मारकाची रीत मला अधिक न्याय्य वाटते. ज्यांना थडगंही मिळालं नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावं तिथे कोरली आहेत, साक्षीदार वाचला असो वा नसो.

या माणसांची आठवण ठेवण्यावरचा खरा आक्षेप वेगळाच आहे. या विमानांखाली शहरं होती. जुलै १९४३ मध्ये एकट्या हॅम्बुर्गमध्ये तीस हजारांहून अधिक माणसं मेली. वैमानिक बिचारे हुकमाचे ताबेदार, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. ही सगळी मुलं स्वेच्छेने त्या कामावर गेली होती. पण एका मृताची आठवण म्हणजे त्या धोरणाला दिलेलं प्रशस्तिपत्र नव्हे, आणि वरच्यांना विसरल्याने खालच्यांचं दुःख तसूभर हलकं होत नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २०१२ साली उभारलेल्या बॉम्बर कमांडच्या स्मारकावर त्या बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व देशांच्या लोकांचाही उल्लेख आहे, हे मला योग्य वाटतं. जगात उडणारी लँकास्टर आता दोनच उरली आहेत, आणि त्यातल्या कॅनडातल्या हॅमिल्टनच्या विमानाने अनेक वर्षं मायनार्स्कीच्या विमानाची अक्षरं अंगावर वागवली. माझं मत विचाराल तर अधूनमधून त्याच्यावर अशा एखाद्या विमानाची अक्षरं रंगवावीत, ज्यातून कुणीच परतलं नाही.