काल कुठवर आलो होतो?

पोथीचं पान उलटतानाचा आवाज पुस्तकाच्या पानासारखा नसतो. पुस्तकाचं पान शिवणीत अडकलेलं असतं. उलटलं की सळसळतं आणि आपल्या जागी जाऊन बसतं. पोथीचं पान मोकळं. आडवं, लांबट, कडांना पिवळं पडलेलं ते पान दोन्ही हातांनी अलगद उचलायचं, त्याची मागची बाजू वाचायची आणि मग वाचून झालेल्या चळतीवर ते पालथं ठेवायचं. ठेवताना आधी हवेचा एक बारीक श्वास ऐकू यायचा आणि मग कागदावर कागद टेकल्याचा मऊ थप्प. वाईच्या घरात, श्रावणातल्या तिसऱ्या प्रहरी, बाहेर पागोळ्या गळत असताना माजघराच्या त्या ओलसर उजेडात तो थप्प ऐकत मी मोठी झाले.

हल्ली तो आवाज फार आठवतो.

आठवतो तो हातात पुस्तक असताना. डोळे ओळींवरून चाललेले असतात, एकही शब्द अडत नाही, आणि पानाच्या तळाशी पोचल्यावर कळतं की वरपासून खालपर्यंत आपण तिथे नव्हतोच. पुन्हा वर जायचं. पुन्हा तीच पहिली ओळ, तोच दुसरा परिच्छेद, आणि पुन्हा कुठल्या तरी वळणावर मन हात सोडवून निघून जातं. चहावर साय धरते. शेजारी फोन पालथा ठेवलेला असतो, मुका केलेला, तरी त्याच्या असण्याचीच एक कुजबूज खोलीभर चाललेली असते. तोही पालथा. पण वाचून संपलेल्या पानासारखा तो निवांत पालथा पडत नाही. तो वाट बघत असतो.

परवा रात्री जेवताना लेकीनं सहज विचारलं, ‘‘आई, काय आहे गं त्या कादंबरीत?’’ तीनशे पानांची कादंबरी, आठवड्यापूर्वीच संपवलेली. वाचताना एके ठिकाणी डोळे भरून आले होते, तेही आठवत होतं. पण सांगायला गेले तर हाताला काहीच लागेना. मुखपृष्ठाचा विटकरी रंग आणि एक विहीर, एवढंच. भरून आलेले डोळे लक्षात राहिले आणि ते कशानं भरले ते मात्र गेलं. भातावरचं वरण निवत राहिलं. आपल्याच घरात, आपल्याच हातानं ठेवलेली वस्तू शोधत फिरावं, तसं ते वाटलं.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा आजीचं माजघर आठवत पडून राहिले.

श्रावणात आजी ‘हरिविजय’ लावायची. श्रीधरांची ही पोथी १७०२ सालची, अध्याय ३६. महिन्याचे दिवस तीसच्या आतबाहेर, म्हणून सोमवारी आणि एकादशीला दोन-दोन अध्याय व्हायचे. चौरंगावर तांबड्या रुमालात बांधलेली पोथी, बाजूला निरांजन, समोर वाड्यातल्या बायका. त्यांच्या हातात कापूस असे. ऐकता ऐकता गुडघ्यावर वाती वळल्या जायच्या, राखेत बोट बुडवून पुन्हा वळल्या जायच्या, आणि अध्याय संपेपर्यंत प्रत्येकीपुढे पांढऱ्या वातींची एक छोटी जुडी तयार झालेली असायची. आम्ही पोरं उंबऱ्याला टेकून.

पण आजी लगेच रुमाल सोडत नसे. गाठीवर हात ठेवून ती आधी विचारायची, ‘‘काल कुठवर आलो होतो?’’

आणि थांबायची.

ते थांबणं मला अजून अंगावर आठवतं. वाती वळणारे हात मंदावायचे. कुणी म्हणायचं, कालिया डोहात होता. कुणी म्हणायचं, छे, चेंडू अजून वरच होता की. कुणी त्या दोघींच्या मधलं काही आणून ठेवायचं. काल ऐकलेलं अशी एकेक बाई आपापल्या ओटीतून काढायची, आणि थोडं थोडं करत कालचा अख्खा अध्याय माजघराच्या मधोमध येऊन बसायचा. आजीला सगळं ठाऊक असायचं, पण ती मध्ये बोलायची नाही. चुकलेलं बायकांनीच दुरुस्त केलं, विसरलेलं त्यांनीच हुडकून काढलं, की मगच ती गाठ सुटायची आणि पहिलं पान उचललं जायचं.

मागच्या आळीतल्या वेदपाठशाळेतून पहाटे मुलांचे आवाज यायचे. ते शब्द पुढे जाताहेत म्हणेपर्यंत मागे यायचे, उलटे फिरायचे, पुन्हा पुढे सरकायचे. लहानपणी मला वाटायचं, मुलं अडखळताहेत. तो घनपाठ होता हे फार उशिरा कळलं. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला आणि पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. मग एक शब्द पुढे सरकून तीच येरझार पुन्हा. असं करत करत मधल्या प्रत्येक शब्दाची तोंडाशी १३ वेळा गाठ पडते. जे कागदावर उतरवायचं नव्हतं, नुसत्या कंठात सांभाळायचं होतं, त्यासाठी आपल्या पूर्वजांनी परत फिरण्याचीच एक वाट बांधून ठेवली होती. माणूस विसरणार, हे त्यांनी आधीच मनाशी धरलं होतं. त्याचा रागही नव्हता, लाजही नव्हती.

तिकडे जर्मनीत हेरमान एबिंगहाउसनं स्वतःलाच विद्यार्थी करून निरर्थक अक्षरजुळण्यांच्या याद्या पाठ केल्या, काही काळानं त्या पुन्हा पाठ करून पाहिल्या आणि १८८५ साली आपल्या विसरण्याचा हिशेब मांडला. पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त ओसरतं. पुढची ओहोटी संथ. हे वाचून मी आधी खिन्न झाले होते. मग त्याच हिशेबातली दुसरी बाजू दिसली: गेलंसं वाटणारं पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. म्हणजे काहीतरी मागे उरलेलं असतं. ओहोटीनंतर वाळूत ओल राहावी, तसं. वरून कोरडं दिसतं, पण पाऊल ठेवलं की पाणी वर येतं.

आजीच्या शेवटच्या श्रावणात तिची नजर अगदीच मंदावली होती. पोथी मी वाचायची आणि ती नुसती पानं ठेवायची, एवढं काम तिनं हट्टानं आपल्याकडे ठेवलं होतं. माझी शेवटची ओवी अजून अर्ध्यावर असायची आणि तिचे दोन्ही हात पानाच्या कडांशी येऊन थांबलेले असायचे. अक्षर तिला दिसत नव्हतं. पण पान कुठे संपतं, ते त्या सुरकुतलेल्या बोटांना ठाऊक होतं. ओवी संपायची, पान उचललं जायचं, तो हलका श्वास आणि तो मऊ थप्प.

मी विचारलं होतं, ‘‘आजी, तुला सगळं पाठ आहे. मग दर वर्षी कशाला गं वाचायचं?’’

ती पानांची चळत हातानं सारखी करत म्हणाली, ‘‘माहेरची वाट काय पाठ नसते, पोरी? तरी जातोच ना.’’

तेव्हा मी नुसती हसले होते. परवा रात्री ते शब्द अंधारात उशाशी येऊन बसले. मी सगळी पुस्तकं एकदाच वाचत आले. एक संपलं की दुसरं, ते अर्धं असतानाच तिसरं. वाटेत भेटलेल्या माणसाला ओझरतं हसून पुढे जावं, तशी. परत कुणाकडे गेले नाही, कुणासाठी रुमालाच्या गाठीवर हात ठेवून थांबले नाही. आणि मग लक्षात राहत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसले. राहायचं कशाच्या आधारानं? जिथे आपण परत जात नाही, तिथली वाट गवतानं भरतेच.

काल संध्याकाळी ती विटकरी कादंबरी पुन्हा काढली. फोन आतल्या खोलीत, कपाटात ठेवला. लेक समोर शेंगा सोलत बसली होती. पुस्तक मांडीवर घेतलं, उघडलं नाही. मुखपृष्ठावर हात ठेवला आणि हळूच, जवळजवळ पुटपुटत, स्वतःलाच विचारलं, ‘‘काल कुठवर आलो होतो?’’

थांबले.

बराच वेळ काही आलं नाही. शेंगा फुटण्याचा टकटक आवाज तेवढा होता. मग विहीर आली. मग विहिरीच्या काठाचा दगड, आणि त्या दगडावर दोरानं घासून घासून पडलेल्या खाचा. मग त्या खाचांवरून बोट फिरवणारी, बाहेरगावाहून फार वर्षांनी आलेली एक म्हातारी बाई. गावाला नळ आले होते, विहीर बुजवायची ठरली होती, आणि ती बाई दगडातल्या खाचा मोजत उभी होती. तिथेच माझे डोळे भरले होते. हो, तिथेच.

मी बोलत होते हे मलाच कळलं नव्हतं. शेंगांचा आवाज थांबला होता.

‘‘मग?’’ लेक म्हणाली. ‘‘पुढे काय झालं?’’

‘‘थांब,’’ मी म्हटलं आणि पहिलं पान उघडलं. ‘‘वाचते.’’