जमाखर्च आणि जपमाळ

कथालेखकाबद्दल लोकांच्या कल्पना फार सुंदर असतात. तो सकाळी नवाच्या सुमारास उठतो, चहाचा कप घेऊन खिडकीशी बसतो, आकाशाकडे बघतो, तेवढ्यात त्याला कथा सुचते आणि मग घरातली मंडळी तीन तास चवड्यांवर चालतात. आमच्या घरात चवड्यांवर फक्त मी चालतो. तेही पहाटे पावणेपाचला, कारण त्या वेळी बाकीची मंडळी झोपलेली असतात आणि त्यांनी तशीच राहावी, अशी माझी इच्छा असते.

पावणेपाच ते सहा, एवढाच वेळ माझ्या मालकीचा. सहाला नळाला पाणी येतं आणि साहित्य संपतं. मग दूध, चिरंजीवांचा डबा, डोंबिवलीची लोकल आणि दहाला बँकेचा काउंटर. तिथे दिवसभर संवादलेखन चालतं. 'लिंक नाही.' 'मग कधी येणार?' 'केवायसी परत कशाला? मी तोच माणूस आहे!' 'पासबुकाचा प्रिंटर आजही आजारी का?' संध्याकाळी कॅश जुळल्याशिवाय उठायचं नाही. रात्री लिहायला बसावं तर डोळे मिटतात, आणि डोळे मिटलेल्या माणसानं लिहिलेलं संपादकांना लगेच कळतं. वाचकांना तर त्याची लागणच होते.

अँथनी ट्रोलप नावाचा इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरी करत होता. तोही पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा. समोर घड्याळ ठेवायचा आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द काढायचा. असं करून त्यानं सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली निघालेल्या आत्मचरित्रात हे सगळं त्यानं स्वतःच सांगितलं आहे. प्रतिभेचा झरा असा मीटर लावून वाहतो, हे कळल्यावर रसिकांची फार निराशा झाली. माझी मात्र छाती फुगली. फरक एवढाच, की पहाटे कॉफी घेऊन उठवायला येणाऱ्या नोकराला ट्रोलप वर्षाला पाच पौंड जादा द्यायचा. मला उठवायला सोसायटीचा पाण्याचा पंप आहे. तो मेंटेनन्समध्येच धरलेला आहे.

ट्रोलपच्या दरानं तासाला हजार शब्द पडतात. मीही मनातल्या मनात हिशेब केला, की चार पहाटेत एक कथा. पण ट्रोलपला दिवाळी अंक नव्हते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी लेखकाचा श्रावण हातचा गेला. अंक दिवाळीत निघायचा म्हणजे कथा पावसाळ्यात द्यायची. ज्या महिन्यात घरोघरी पोथ्या सुटतात, सोमवार धरले जातात, त्याच महिन्यात संपादकांचे निरोप सुरू होतात. पूर्वी पोस्टकार्ड यायचं, आता व्हॉट्सअ‍ॅपवर दोन हात जोडलेले येतात. हे नमस्कार देवाला करायचे तसेच असतात. म्हणजे त्यात मागणी असते.

आणि या सव्वा तासातली शेवटची पंधरा मिनिटं मी लिहीत नाही. भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून, तीन माळा जप करतो. गेली बारा वर्षं करतोय. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या हिचा समज असा, की डोळे मिटलेले असले म्हणजे मला कथा सुचत असते. लिहीत असलो तर तिला वाटतं मी लाईटबिलाचा हिशेब करतोय. मीही तिचा समज मोडत नाही. संसारात प्रत्येक नोंदीचा खुलासा केलाच पाहिजे असं नाही.

आमचे हेडकॅशियर या बाबतीत अगदी उघड आहेत. ते लोकलमधल्या भजनी मंडळात टाळ वाजवतात. ठाणं येईपर्यंत डबा दणाणून सोडतात.

"या हो एकदा आमच्या डब्यात," ते मला म्हणतात. "तुम्हा लेखकांना देवाधर्माचं काही नाही, माहीत आहे. पण निदान निरीक्षणाला तरी या."

मी नुसता हसतो. ज्याचा त्याचा स्वभाव. काहींची भक्ती चालू खात्यासारखी असते, दिवसभर उलाढाल. माझी आपली मुदत ठेव. पावती कपाटात आणि किल्ली कुठे आहे ते मलाच ठाऊक.

पण कथालेखकानं जप करणं वाटतं तितकं सोपं नाही. डोळे मिटले की देव येण्याआधी पात्रं येतात. एक दिवस माझ्या कथेतली नायिका तीन आठवडे जिन्यात अडकून पडली होती. वर जावं तर सासू, खाली जावं तर घरमालक. लिहायला बसलो की ती ढिम्म हलायची नाही. आणि जपाला बसलो, दुसऱ्या माळेचा सदुसष्टावा मणी बोटात आला, तशी ती सरळ घरमालकासमोर जाऊन उभी राहिली आणि असं काही बोलली, की मी जागच्या जागी दचकलो. आता काय करावं? उठून लिहावं तर देवाला 'जरा बसा, आलोच' म्हटल्यासारखं होतं. न लिहावं तर एकशे आठव्या मण्यापर्यंत वाक्य उडून जातं. तेव्हापासून मी एक नियम केला. जपाच्या वेळी हाताशी पेन ठेवायचं नाही. जे वाक्य तीन माळा टिकतं तेच कथेत जातं. असं गाळून गाळून माझ्या कथा बऱ्याच लहान झाल्या. संपादक खूश आहेत.

नाथांची ती गोष्ट कीर्तनात ऐकली असेल तुम्ही. एकनाथ देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैचा फरक आला. रात्रभर वह्या धुंडाळून पहाटे चूक सापडली, तेव्हा त्यांनी आनंदानं टाळ्या पिटल्या. स्वामी जागे झाले आणि एवढं चित्त देवाकडे लागलं तर काय होईल, असं त्यांना म्हणाले. इथे सगळे श्रोते गहिवरतात ते गुरुवचनानं. मी गहिवरतो तो त्या पैसाठी. कॅश न जुळलेली रात्र ज्यानं काढली आहे, त्यालाच नाथांच्या त्या टाळ्या ऐकू येतात.

पण मला त्या गोष्टीत आणखी एक दिसतं. बँकेच्या खात्याला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. कथालेखकाच्या खात्याला एकच असते. त्याच्याकडे येणारं सगळं जमा. शेजाऱ्यांचं भांडण जमा, बसमधलं बोलणं जमा, स्वतःच्या घरातलं आजारपणसुद्धा जमा.

गेल्या वर्षी एक आजी काउंटरवर आल्या. आजोबा गेले होते. दोघांच्या जॉइंट खात्यातून त्यांचं नाव कमी करायचं होतं. 'नाव कमी करणे' हा आमचा रोजचा शब्द. दिवसातून दोनतीनदा तरी येतो. मृत्यूचा दाखला, अर्ज, सगळं व्यवस्थित होतं. सही करायच्या आधी आजींनी विचारलं, "नुसतं पासबुकावर नाव राहिलं, तर बँकेचं काही बिघडतं का हो?"

"आजी, नियम आहे," मी म्हटलं. आणि तेवढ्यात माझ्यातल्या लेखकानं त्यांचा प्रश्न उचलून खिशात टाकलादेखील. संध्याकाळी कल्याण लोकलमध्ये उभ्या उभ्या आराखडा तयार झाला. शेवटी आजी काउंटरवर डोकं टेकून रडणार, मागची रांग स्तब्ध होणार. वाचक पाघळणारच.

दुसऱ्या दिवशी जपात आजी आल्या. पण पात्र म्हणून नाही, नुसत्या आल्या. पासबुक मांडीवर घेऊन बसून राहिल्या. त्या पंधरा मिनिटांत मला त्यांच्याकडून काहीच नको असतं, त्यामुळे पहिल्यांदाच त्या नीट दिसल्या. त्या रडल्या नव्हत्या. त्यांनी सही केली होती, पेनाला टोपण लावून ते मला परत दिलं होतं, "ऊन फार आहे आज," म्हणाल्या होत्या आणि छत्री उघडत गेल्या होत्या. कथेत मी तसंच ठेवलं. रांग स्तब्ध वगैरे झाली नाही. रांगेतल्या पुढच्या माणसानं फक्त आपलं पासबुक पुढे सरकवलं.

जप करून काय मिळतं, असं कुणी विचारलं तर मला एवढंच सांगता येईल. दिवसातली पंधरा मिनिटं असं एक खातं, ज्यात काहीच जमा करायचं नाही. बाकीचे पावणेचोवीस तास त्याच्या जिवावर चालतात.

हे खासगी ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. फ्लॅनरी ओ'कॉनर ही अमेरिकन कथालेखिका. तरुणपणी आयोवा विद्यापीठात लिहायला शिकत असताना, १९४६-४७ साली, ती एका वहीत देवाशी बोलत असे. मला चांगली लेखिका कर, असंही मागत असे. देवानं ऐकलं, तिच्या कथा आजही वाचतात. ती १९६४ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी गेली. आणि २०१३ साली ती वही छापून निघाली, चांगली बांधणी, किंमत वगैरे घालून! तेव्हापासून मी ठरवलं, की प्रार्थना करावी पण वही ठेवू नये. लेखकाच्या वहीवर प्रकाशकाचा हक्क देवाच्या आधी पोचतो.

तुम्ही म्हणाल, मग हा लेख काय आहे? हे जमा करणंच नाही का झालं? बरोबर आहे. मानधनाचा चेक आला तर तो मी भरणारही आहे. पण सगळं सांगितलं असलं, तरी नाम कोणतं, दिलं कुणी आणि कशासाठी, ते मात्र विचारू नका. मी बँकेत नोकरी करतो. खातेदाराची माहिती आम्ही बाहेर देत नाही.