वारा बेल्टवर चालतो

नाट्यगृहातला एसी थंड करत नाही अशी तक्रार आली की सगळ्यांचे पाय आधी गच्चीकडे वळतात. काँप्रेसर चालू आहे का, गॅस कमी झाला का, कूलिंग टॉवरचं पाणी तापलंय का, याची चौकशी सुरू होते. वातानुकूलनाच्या देखभालीत आयुष्य गेल्यावर माझं मत असं झालं आहे की आधी एएचयूची खोली उघडावी. एएचयू म्हणजे एअर हँडलिंग युनिट. फिल्टर, कॉइल आणि ब्लोअर सामावून घेणारी ती पत्र्याची मोठी पेटी. गारवा कुठेही तयार होवो, तो शेवटच्या रांगेतल्या खुर्चीपर्यंत ब्लोअरच पोचवतो. आणि जुन्या नाट्यगृहांत, हॉस्पिटलांत, मंगल कार्यालयांत हा ब्लोअर बहुधा रबराच्या व्ही-बेल्टवर फिरत असतो.

बेल्ट ढिला पडला की पुलीवर घसरतो. मोटर आपल्या वेगाने फिरत राहते, पॅनेलवर हिरवा दिवा लागलेला असतो, ब्लोअर तेवढा मागे पडतो. एक साधा हिशेब सांगतो. मोटर १४४० आरपीएमची, तिच्यावरची पुली १५० मिलिमीटरची आणि ब्लोअरची २४० ची असेल, तर ब्लोअर ९०० च्या आसपास फिरायला हवा. टॅकोमीटरने ८२० दाखवले, तर जवळपास नऊ टक्के वेग घसरणीत गेला. निरोगी बेल्टची घसरण एक-दोन टक्क्यांच्या पुढे जात नाही. हरवलेल्या त्या वेगाची उष्णता होते आणि ती बेल्टलाच जाळते.

गॅसवर चालणाऱ्या कॉइलमध्ये नुकसान इथेच थांबत नाही. हवा कमी झाली की कॉइल प्रमाणाबाहेर गार होऊन तिच्यावर बर्फ धरतो आणि हवेची उरलेली वाटही बुजते. मग पूर्ण बाष्प न झालेला गॅस द्रवरूपातच काँप्रेसरकडे परततो. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे काँप्रेसरचे व्हॉल्व्ह तुटू शकतात. पुष्कळदा नवा काँप्रेसर बसवतात आणि तोच ढिला बेल्ट पुन्हा चालू करतात. याचं मला फार वाईट वाटतं.

१९१७ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी रबर आणि दोऱ्यांचा व्ही-आकाराचा बेल्ट आणला. हा बेल्ट पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो आणि दोन्ही कडांनी पकड घेतो. त्याचा तळ खाचेच्या तळाला टेकताच कामा नये. म्हणून बेल्ट काढला की आधी पुलीची खाच बघावी. तळ चकाकत असेल तर खाचेच्या भिंती झिजून बेल्ट खाली उतरला आहे. अशा पुलीवर नवा बेल्ट चढवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. घसरू नये म्हणून बेल्टवर राळ किंवा डब्यातलं चिकट औषध लावणारेही भेटतात. चामड्याच्या सपाट पट्ट्यांना तसलं काही लावत असत, पण व्ही-बेल्टला त्याची गरज नाही. उलट त्याने रबर बिघडतं आणि धूळ चिकटते.

आता ताणाबद्दल. इथेच सर्वांत जास्त बेल्ट आणि बेअरिंगं मरतात, आणि ढिलाईपेक्षा अतिउत्साहाने जास्त. ‘साहेब, एकदम टाइट केलाय’ असं मदतनीस मोठ्या समाधानाने सांगतो, आणि मी त्याला पुन्हा पाना हातात घ्यायला लावतो. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला की त्याचं हिशेबी आयुष्य एक अष्टमांशावर येतं. सर्वाधिक भाराच्या वेळीही घसरणार नाही इतका कमीत कमी ताण, तोच योग्य. तो मोजताही येतो. दोन पुलींमधल्या मोकळ्या बेल्टच्या मध्यावर स्प्रिंग गेजने दाबायचं. दर मीटर लांबीला साधारण १६ मिलिमीटर, म्हणजे ६४० मिलिमीटरच्या अंतराला १० मिलिमीटर बेल्ट दबला पाहिजे. त्यासाठी किती जोर लागावा हे बेल्टच्या जातीवर आणि पुलीच्या व्यासावर ठरतं, आणि ते उत्पादकाच्या तक्त्यात दिलेलं असतं. अंगठ्याने दाबून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्या जुन्या हातांचा मला आदर आहे, पण अंगठा प्रत्येकाचा वेगळा असतो. शिवाय नवा बेल्ट पहिल्या एक-दोन दिवसांत खाचेत बसतो आणि ताण उतरतो. तेव्हा पुन्हा यावंच लागतं. ही दुसरी फेरी बिलात दिसत नाही, म्हणून तीच सर्वांत जास्त चुकवली जाते.

बेल्ट चढवताना मोटरचे बोल्ट सैल करून ती पुढे घ्यावी. स्क्रूड्रायव्हर घालून बेल्ट पुलीवरून उचकटला की आतले दोरे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि काही दिवसांत बेल्ट खाचेत पलटी मारतो. तीन बेल्टच्या पुलीवर एकच नवा टाकला, तर ताणलेले दोन आराम करतात आणि नवा एकटा ओझं ओढतो. संच पूर्ण बदलावा, एकाच बनावटीचा, एकाच नंबरचा. दुकानात बी-६२ मागितला की १७ मिलिमीटर रुंदीचा, आतून ६२ इंच लांबीचा बेल्ट मिळतो.

ताण दिल्यावर दोन्ही पुलींच्या तोंडावरून दोरा धरावा. ताण देताना मोटर हमखास थोडी तिरकी होते, म्हणून आधी साधलेली रेष नंतर पुन्हा बघायची. अर्ध्या अंशाहून जास्त तिरकेपणा व्ही-बेल्टला सोसत नाही. सुरू होताना काही क्षण किंचाळणारा बेल्ट ढिला असतो. पाखरासारखी एकसारखी चिवचिव ऐकू आली तर पुली रेषेत नाहीत असं समजावं.

हवा वाढावी म्हणून मोटरवर मोठी पुली बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर सावध राहा. हवा वेगाच्या प्रमाणात वाढते, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग १० टक्के वाढवला की मोटरवर ३३ टक्के जास्त भार येतो आणि मोटर जळू शकते. उलट २० टक्के वेग कमी चालत असेल तर शक्ती जवळजवळ निम्मी लागते.

मोटर रिवाइंड होऊन आली, की ब्लोअर कोणत्या दिशेने फिरतो ते डोळ्यांनी बघावं. फेज उलटले तरी सेंट्रिफ्यूगल ब्लोअर हवा त्याच तोंडातून फेकतो, फक्त बरीच कमी. त्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने लपून राहते.

सुरक्षेबाबत मी कुणाची गय करत नाही. आयसोलेटर बंद, फ्यूज खिशात, कुलूप आणि पाटी लावलेली, मगच गार्डला हात. वीज नसतानाही डक्टमधून उलट येणाऱ्या हवेने ब्लोअर फिरू शकतो. अंगठी, मनगटातला दोरा, गळ्यातलं उपरणं उतरवून ठेवावं. कारखाने अधिनियम, १९४८ च्या २१ व्या कलमात फिरत्या यंत्राला संरक्षक कुंपण सांगितलं होतं, तरी ‘परत काढायचीच आहे’ म्हणून भिंतीला टेकवून ठेवलेली गार्डची जाळी अजून दिसते.

नव्या इमारतींत मोटरच्या दांड्यावरच पंखा बसवलेले बिनबेल्टचे ब्लोअर येत आहेत आणि ते चांगलेच आहेत. पण जुनी यंत्रं अजून बरीच वर्षं चालणार आहेत. तुम्ही सोसायटीच्या, हॉस्पिटलच्या किंवा नाट्यगृहाच्या समितीवर असाल, तर देखभालीच्या करारात बेल्टचा नंबर, ब्लोअरचा आरपीएम आणि मोटरचा अँपिअर यांची दर भेटीत लेखी नोंद मागा. आणि खंडेनवमीला यंत्रं बंद ठेवून पुसता, तेव्हा हार घालण्याआधी गार्ड उघडून बेल्ट आणि पुलीच्या खाचा बघायला सांगा.