संदेशाला शेजार नको

२२ जुलै २०२१. महाड तालुक्यातील तळियेवर दरड कोसळली. ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूरच्या केवनाळे, सुतारवाडीवरही तोच घाला. वीज नाही, मोबाइल मुके. तळियेत मदतपथके पोहोचली ती दुसऱ्या दिवशी.

डोंगराआडच्या वाडीला बिनतारी संदेश टेकडीवरच्या रिपीटरमार्फत पोहोचतो. एका चॅनलवर ऐकताना तो लगतच्याच चॅनलवर बोलू लागला, तर स्वतःच्या आवाजाने बधिर होतो. म्हणून दोहोंत अंतर हवे. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात परस्परांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६, ११.

दूरचित्रवाणीच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ पट्ट्यात मात्र, आयआयटी मुंबईच्या २०१४ च्या अभ्यासानुसार, जवळपास देशभर १५ पैकी किमान १२ चॅनल मोकळे होते. पालघरच्या खेड्यांत त्यांवर प्रयोगही झाले. वीज गेली की रिपीटरही मुका, हे खरे. पण लहान रिपीटरला एक रात्र बॅटरी पुरते.