यादीत नसलेला प्रोसेसर

व्हर्च्युअल मशीन कोडमधून उभं करताना प्रोसेसरच्या प्रकारासाठी एकच ओळ लागते. बहुतेक जण ती जुन्या फाइलमधून उचलतात. मला मात्र फाइलमधली सर्वांत मोलाची ओळ तीच वाटते, कारण आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला कोणता प्रोसेसर दिसणार, हे तिच्यावर ठरतं.

व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्स या प्रणालीवर नव्या मशीनला पूर्वी आपोआप ‘केव्हीएम६४’ मिळायचा. साधारण पेंटियम ४ च्या तोडीचा, म्हणून कुठेही चालणारा. पण २०२२ साली रेड हॅटच्या लिनक्सची नववी आवृत्ती आली ती प्रोसेसरची ‘एक्स८६-६४-व्ही२’ ही पातळी गृहीत धरूनच. ती केव्हीएम६४ वर सुरू केली, की कर्नल चढतो, जीलिबसी ही मूळ लायब्ररी प्रोसेसर नाकारते आणि पाठोपाठ कर्नल पॅनिक! २०२३ मध्ये प्रॉक्समॉक्स ८ ने वेबवरून बनणाऱ्या मशीनसाठी ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ हा प्रकार ठरवून टाकला. कोडमधून मशीन उभं करणाऱ्या टेराफॉर्मला प्रॉक्समॉक्सशी जोडणाऱ्या ज्या प्रोव्हायडरवर मी काम करत होतो, त्याच्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत हे नावच नव्हतं. सर्व्हर घ्यायला तयार, पण टेराफॉर्म प्लॅनच काढू देईना.

अशा वेळी लोक ‘होस्ट’, म्हणजे सर्व्हरचाच प्रोसेसर, लिहून मोकळे होतात. एकाच सर्व्हरवर ते ठीक आहे. पण क्लस्टरमध्ये दोन पिढ्यांचे प्रोसेसर असले, तर चालू मशीन नव्यावरून जुन्यावर हलवताना ते कोलमडू शकतं. प्रोसेसरच्या ज्या सूचनांवर प्रोग्रॅम विसंबलेले असतात, त्या तिकडे नसतातच.

यादीत नाव घालणं म्हणजे गो भाषेतली एक ओळ, सोबत टेस्ट आणि डॉक्युमेंटेशन. खरं काम पुढे. प्रोव्हायडर स्वतःच्या मशीनवर बिल्ड करायचा, त्यातून व्हर्च्युअल मशीन उभं करायचं, आत शिरून ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’ उघडायची आणि फ्लॅग्जच्या ओळीत एसएसएसई३, एसएसई४_२, पॉपसीएनटी, एईएस शोधायचे. ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी बदल पुढे पाठवत नाही. आतल्या मशीनला तो प्रोसेसर मिळाला का, हे नुसती टेस्ट हिरवी झाली म्हणून कळत नाही.

यादी काढूनच टाका, सर्व्हर तपासतोच की, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. टायपिंगची चूक प्लॅनमध्येच सापडावी. निम्मी मशीन्स उभी राहिल्यावर अप्लाय अडकलं, तर निस्तरताना नाकी नऊ येतात. एक दार मात्र उघडं ठेवायलाच हवं: ‘कस्टम-’ने सुरू होणारी नावं अ‍ॅडमिन स्वतः सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ठरवतो, ती कुठल्याच यादीत मावणार नाहीत. त्यांच्यासाठी मी वेगळा नियम लिहिला.

आता २०२५ च्या रेड हॅट १० ला व्ही३ लागतं, म्हणजे एव्हीएक्स२ आलं. इंटेलच्या हॅसवेलआधीच्या सर्व्हरमध्ये ते नाही. यादीतलं नाव बरोबर, पण खालचं लोखंड जुनं, हे प्लॅनच्याच वेळी कसं सांगता येईल, यावर सध्या माझं काम चालू आहे.