उंबऱ्याबाहेरची भेट

करोनाच्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी, म्हणजे अत्यावश्यक कामाखेरीज घराबाहेर पडण्यास मनाई, लागू झाली आणि किराणा आणण्याचे अंगवळणी पडलेले कामही दुकानापुढील चुन्याच्या वर्तुळात उभे राहून, दुधाच्या पिशव्या साबणाने धुऊन उरकावे लागले. भेटीगाठी तुटल्याची सल मात्र कितीतरी खोल होती. महाराष्ट्रात जिल्ह्याची हद्द ओलांडण्यासाठी ई-पास, म्हणजे पोलिसांकडून ऑनलाइन मिळणारा परवाना, लागे. त्यामुळे पुण्यातील लेकीला साताऱ्याचे माहेर दुरावले, तर संसर्गाच्या भीतीने एकाच गावात राहणारा मुलगाही डबा उंबऱ्यावर ठेवून, जाळीच्या दारामागील आईशी चार शब्द बोलून, पाया न पडताच परतू लागला. हे अंतर मायेपोटीच राखलेले होते. ई-पासची अट सप्टेंबर २०२० मध्ये उठली. एप्रिल २०२१ मध्ये ती पुन्हा आली.