शिरोड्याचे मास्तर, कोल्हापूरचे खांडेकर

कोल्हापूरला आलेले पाहुणे रंकाळा, नवा राजवाडा आणि पन्हाळा पाहून परततात. सहामाही परीक्षा संपल्यावर आम्ही मात्र उर्दू शाळेची मुले घेऊन शिवाजी विद्यापीठात गेलो. मुख्य इमारतीसमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा पाहिला आणि तिथून वि. स. खांडेकर स्मृतिसंग्रहालयात पोहोचलो.

खांडेकरांचा जन्म १८९८ साली सांगलीत झाला. १९२० मध्ये ते कोकणातल्या शिरोड्याला शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत त्या खेड्यातच शिकवत राहिले. त्यांची पहिली कादंबरी ‘हृदयाची हाक’ १९३० ची. म्हणजे वर्ग सांभाळत, वह्या तपासत लिहिलेली. मास्टर विनायकांच्या ‘छाया’ चित्रपटाची कथाही त्यांचीच. पुढे ते कोल्हापूरला आले आणि इथलेच झाले. कादंबरीकार म्हणून त्यांचे नाव मोठे, पण ते समीक्षकही होते. गडकरी आणि आगरकर यांच्यावर त्यांनी पुस्तके लिहिली. ‘ययाति’साठी त्यांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. मराठीला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ. अखेरच्या काळात दृष्टी गेली, १९७६ मध्ये ते वारले.

दहावीतल्या एका मुलीने हळूच विचारले, “सर, यात आपल्यासाठी काय आहे?” प्रश्न खरा होता. आमच्या मुलांच्या घरी दखनी, वर्गात उर्दू आणि बाजारात मराठी. मराठी पुस्तक त्यांना परीक्षेपुरतेच वाटते. ते तसेच वाटत राहिले, तर ज्या गावात ती जन्मली त्याच गावात ती पाहुण्यासारखी वावरतील.

आम्ही तिला दोन गोष्टी सांगितल्या. लेबनॉनचा अरब लेखक खलील जिब्रान मराठी घरांत पोहोचवणाऱ्यांत खांडेकर होते. आणि ‘ययाति’तला राजा सुख भोगूनही तृप्त होत नाही, मुलाचे तारुण्य मागून घेतो. उर्दूत आपण जिला ‘हवस’ म्हणतो, तिचीच ही कहाणी. ती कुठल्या घरात नसते?

कोल्हापूरला आलात तर मुलांना इथे जरूर आणा. त्याआधी रात्री जेवणानंतर खांडेकरांची एखादी रूपककथा मोठ्याने वाचा. ती पानभराची असते. अम्मीने वाचावी, दादीने ऐकावी. अडलेला शब्द मुलांनी समजावून सांगावा.